गारवा आणि गाडीवान



वसंत व्याख्यानमालेत वसंताविषयी काही गोड बोलावे, असा एक संकेत आहे. परंतु आमच्या शिरूर कासारात वसंत पंचांगात येतो आणि पंचांगातच संपतो. बाहेर चैत्र लागला की ऊन लागते. सिंदफणेच्या पात्रात वाळू तापते आणि दुपारी बाजारपेठेत कुत्रेदेखील सावली सोडीत नाही. तेव्हा ज्या विषयाची येथे प्रत्येकाला प्रचीती आहे, त्या उन्हावरच बोलावे असे आम्ही ठरवले. बोलावयाचे आहे ते मोटारीतील थंड हवेसंबंधी. ही हवा कोठून आली, कोणाला अगोदर मिळाली, कोणाला मागाहून, आणि तिचा रस्त्यावरच्या जिवांशी संबंध काय, एवढाच आजचा प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, हा श्रीमंतांच्या चैनीचा विषय. कामगार चळवळीतल्या माणसाने त्यात का पडावे? आम्हीही पुष्कळ वर्षे असेच समजत होतो. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे शिक्षण ट्रकच्या केबिनमध्ये, रद्दीतल्या वर्तमानपत्रांवर आणि नंतर तालुक्याच्या गावच्या वाचनालयांत झाले. त्या वाचनात हळूहळू ध्यानात आले की गारव्याचा इतिहास हा कामगारांच्या इतिहासाचाच एक भाग आहे. तो कोणी आपल्याला त्या नावाने सांगितला नाही, इतकेच.

प्रारंभ बैलगाडीपासून करू. आपला तालुका ऊसतोडणी कामगारांचा. दिवाळी झाली की येथली घरे कुलपे लावून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, हे आपल्याला सांगावयास नको. आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळी लांबचा प्रवास बैलगाडीने होई, आणि उन्हाळ्यात गाडीवान रात्री गाडी जुंपी. दुपारी झाडाखाली गाडी सोडली जाई, बैल बसत आणि माणूसही पडे. ह्यात गाडीवानाचा हुशारपणा होताच. पण खरा कायदा बैलाचा होता. बैल उन्हात एका मर्यादेपलीकडे चालत नाही. तो बसला म्हणजे बसला. त्याच्या हट्टामुळे माणसालाही विसावा मिळे.

मोटार आली आणि हा हट्ट संपला. यंत्र बसत नाही. आपला जिल्हा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. १९३२ साली निजामाच्या रेल्वेखात्याने २७ मोटारगाड्या आणि १६६ नोकर घेऊन रस्तावाहतूक सुरू केली. सरहद्दीपलीकडे, आपल्या शेजारच्या नगर शहरात, पुण्याहून पहिली एस. टी. आली ती १ जून १९४८ रोजी. त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे आपल्याही रस्त्यांवर एस. टी. धावू लागली. १९५४ साली जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यातून जर्मन बनावटीच्या मालमोटारी बाहेर पडू लागल्या. लोकशाहीतली ही मोठी कमाई होती, ती आम्ही नाकारीत नाही. एस. टी. आली म्हणून आमच्या पिढीतली पोरे शाळेत गेली.

परंतु चालकाची जागा कोठे होती ते पाहा. लांब नाकाच्या जुन्या ट्रकमध्ये इंजिन निदान पुढे होते. पुढे नाक आखूड झाले, माल जास्त मावावा म्हणून केबिन पुढे सरकली आणि इंजिन चालकाच्या मांडीला येऊन लागले. साध्या एस. टी.तही तीच तऱ्हा. कंपनी सांगाडा विकी. केबिन बांधी तो गावोगावचा सुतार आणि पत्रेवाला. वर पत्रा, खाली तापलेली लादी, शेजारी इंजिन. त्या केबिनमध्ये देवाची तसबीर, लिंबू-मिरची आणि झालर ह्यांना जागा होती; हवेला नव्हती. चालक ओले पोते टपावर टाकीत आणि ओला पंचा मानेभोवती गुंडाळीत. आमच्या देशातले मोटार-वातानुकूलन पुष्कळ वर्षे हेच होते.

आता दुसरीकडे काय चालले होते? अमेरिकेत ब्रुकलिन येथे १९०२ साली एका छापखान्याला अडचण आली. दमट हवेत कागद फुगे आणि एका रंगावर दुसरा रंग नीट बसेना. विलिस कॅरिअर नावाच्या तरुण अभियंत्याने हवा थंड करून तिच्यातला ओलावा ताब्यात ठेवणारे यंत्र योजले. आज घरोघरी दिसणाऱ्या यंत्राचा हा मूळपुरुष. १९०६ साली स्टुअर्ट क्रॅमर ह्या गृहस्थाने ‘हवेचे अनुकूलन’ हा शब्द काढला, तो कापडगिरण्यांसाठी. तेथे सूत तुटू नये ही काळजी होती. म्हणजे गारवा पहिल्याने मिळाला तो कागदाला, नंतर सुताला. छापणारा आणि विणणारा तेथेच उभा होता. त्याला मिळाला तो ओघाने. मग पाळी आली प्रेक्षकांची. मुंबईत १९३३ साली उघडलेले रीगल चित्रपटगृह थंड हवेसाठी गाजले.

मोटारीत ही हवा आली ती १९३९ साली. पॅकार्ड कंपनीने १९४० च्या आपल्या गाड्यांत ती देऊ केली. ते यंत्र मागच्या सामानाची बरीचशी जागा खाई, आणि बंद करावयाचे तर गाडी थांबवून, इंजिन बंद करून, यंत्राचा पट्टा हाताने उतरवावा लागे. दोन वर्षांत तो प्रकार बंद पडला. युद्धानंतर १९५३ साली अमेरिकन कंपन्यांनी पुन्हा उचल खाल्ली, १९५४ साली नॅश कंपनीने सारे यंत्र गाडीच्या पुढल्या भागात बसवून दाखवले, आणि १९६९ पर्यंत तिकडच्या निम्म्याहून अधिक नव्या मोटारी थंड हवेच्या झाल्या. ह्या सबंध काळात ती विकली गेली ती आराम म्हणून. तिचा सुरक्षिततेशी संबंध आहे, असे जाहिरातीत कोणी फारसे म्हटले नाही; कारण चैनीला किंमत येते, सुरक्षितता मात्र मागावी लागते.

वस्तुतः शास्त्रज्ञांना हे अगोदरच दिसू लागले होते. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडातील नॉर्मन मॅकवर्थ ह्यांनी बिनतारी संदेश टिपणाऱ्या अनुभवी कारकुनांना वेगवेगळ्या उष्णतेच्या खोल्यांत बसवून पाहिले. एका मर्यादेपर्यंत काम ठीक चाले. तिच्यापुढे चुका झपाट्याने वाढत. माणसे झोपली नव्हती, बेशुद्ध नव्हती, हात चालू होते. चुकत होते ते लक्ष. पुढे १९९६ साली स्वीडनमधील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. धावत्या मोटारीत चालकांना अधूनमधून इशारे देण्यात आले. आत २१ अंश असताना जितके इशारे नजरेतून सुटले, त्याच्या दीडपट २७ अंशांना सुटले, आणि प्रतिसादाला सुमारे २२ टक्के वेळ अधिक लागला. श्रोतेहो, २७ अंश! आपल्याकडे २७ अंश हा माघातल्या दुपारचा सुखद गारवा होय. वैशाखात पत्र्याच्या केबिनमध्ये काय होत असेल, ह्याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

त्याला दुसरी गोष्ट जोडा. इंग्लंडातच लफबरो विद्यापीठात २०१५ साली थोड्या चालकांवर एक प्रयोग झाला. पुरेसे पाणी प्यालेल्या दिवशी त्यांच्या हातून ४७ चुका झाल्या. पाणी कमी प्यालेल्या दिवशी १०१. प्रयोग लहान होता, त्यावर मोठी इमारत बांधू नये. पण ट्रकचालक गाडी थांबवावी लागू नये म्हणून पाणी कमी पितो, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहिले आहे. घाम जातो, पाणी येत नाही, डोळे जड होतात.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाता येत नाही. पस्तीसएक वर्षांपूर्वी आम्ही एका मालमोटारीवर क्लीनर होतो. मे महिना होता. आदल्या रात्री माल भरण्यात झोप झाली नव्हती आणि संध्याकाळच्या आत पोहोचलेच पाहिजे, असा मालकाचा निरोप होता. दुपारी दोनच्या सुमारास आमचे उस्ताद म्हणाले, “पोरा, डोळं उघडं हायेत, पर रस्ता दिसंना झालाय.” आम्ही बाटलीतले उरलेले पाणी त्यांच्या डोक्यावर ओतले. ते कोमट नव्हे, कढत होते. पुढे दोन-तीन मैलांवर सरळ रस्त्यावर, समोर कोणी नसताना, गाडी कडेला उतरून मोरीवर आदळली. उस्तादांचा पाय मोडला तो कायमचाच. पंचनामा झाला. चालकाने गाडी हयगयीने व भरधाव चालवली, असे त्यात लिहिले. लिहिता-वाचता येणारा तेथे मी एकटा, अशा समजुतीने आम्हालाच सही करण्यास सांगण्यात आले. आम्ही वाचले, समजले, आणि सही केली. वय लहान होते, भीती होती, हे खरे. पण ती सही आमची आहे. गाडी भरधाव नव्हती. ती त्या उन्हात भरधाव जाऊच शकत नव्हती.

त्या दिवशी कागदावर लिहावयाचे राहिले ते ऊन आणि जागरण. आजही स्थिती फारशी निराळी नाही. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते-अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे गेली. अपघातांची वर्गवारी हवामानानुसारही केली जाते: पाऊस, धुके, गारा, आणि स्वच्छ ऊन. बहुसंख्य अपघात स्वच्छ उन्हाच्या रकान्यात पडतात. ह्याचा अर्थ ते उन्हाने झाले असा नव्हे. आपल्याकडे बहुतेक दिवस स्वच्छच असतात. पण रकान्याचा भाव पाहा. पाऊस आणि धुके ही संकटे, आणि ऊन म्हणजे काहीच संकट नसणे! ४३ अंशांचे ऊन हे निर्दोष हवामान म्हणून नोंदले जाते आणि मग दोष द्यावयास एकटा चालक उरतो.

आता कायद्याकडे वळू. १९६१ साली संसदेने मोटार वाहतूक कामगारांचा कायदा केला. कामगार चळवळीच्या दृष्टीने तो मोठा टप्पा होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, पाच तासांपेक्षा अधिक सलग काम नाही, मध्ये अर्धा तास विश्रांती, असे त्यात ठरले. आता तो नव्या श्रमसंहितेत सामावून गेला आहे. त्यानंतर चारच वर्षांनी, १९६५ साली, ओझ्याच्या आणि ओढीच्या जनावरांसंबंधी नियम झाले. त्यांत म्हटले आहे की बैलाला दिवसाला नऊ तासांहून अधिक जुंपू नये, विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक चालवू नये, आणि जेथे तापमान ३७ अंशांवर जाते तेथे दुपारी बारा ते तीन ह्या वेळात मुळीच जुंपू नये.

हे नियम शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. तासांच्या बाबतीत माणूस आणि बैल जवळपास सारखे. उन्हाच्या बाबतीत मात्र बैलाला आकडा मिळाला आणि माणसाला मिळाला नाही. आम्ही बैलाचा हेवा करीत नाही. त्याला मिळाले ते योग्यच मिळाले, आणि उसाच्या गाडीला ते पाळले जाते किती हा वेगळाच प्रश्न आहे. परंतु ज्याच्या हाती दहा-वीस टन माल आणि समोरून येणाऱ्या पन्नास माणसांचे प्राण, त्याच्या डोक्याला किती ऊन लागावे ह्याचा विचार कायद्याने त्या काळी केला नाही, ही नोंद इतिहासात राहिली पाहिजे.

तो विचार कागदावर आला तो आणखी अठ्ठावन्न वर्षांनी. जून २०२३ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी ह्यांनी जाहीरपणे म्हटले की चालक ४३ ते ४७ अंशांत गाडी हाकतात, आणि ह्या सुधारणेला खर्चाच्या नावाखाली विरोध झाला होता. जुलैत मसुदा निघाला, डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचना निघाली, आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांहून अधिक वजनाच्या मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन यंत्र सक्तीचे झाले. १९०२ साली कागदाला, १९३९ साली मालकाला, आणि २०२५ साली गाडीवानाला, असा हा सव्वाशे वर्षांचा प्रवास आहे.

येथे टाळ्या वाजवून थांबता आले असते. परंतु कामगारांपुढे अर्धे सत्य ठेवण्याची आमची रीत नाही. थंड हवेचे दोषही आहेत आणि ते ठाऊक असले पाहिजेत. काचा बंद झाल्या की बाहेरचे आवाज तुटतात. आपल्या रस्त्यांवर हॉर्न ही एक भाषाच आहे. पाठीमागचा काय म्हणतो ते ऐकू आले नाही तर आरशाकडे दुप्पट लक्ष हवे. दुसरे असे की, आतलीच हवा फिरवत ठेवण्याचे बटण दाबून तासन्‌तास चालवले तर श्वासातला कर्बवायू आत साठत जातो. बाहेरच्या हवेत त्याचे प्रमाण दहा लाख भागांत सव्वाचारशे भागांच्या आसपास असते; बंद गाडीत ते काही हजारांवर जाते, डोके जड होते आणि पेंग येते. म्हणून मधूनमधून बाहेरची हवा आत घ्यावी. तिसरा दोष सर्वांत भयंकर. गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून, बंद केबिनमध्ये झोपणे. धूर सोडणारी नळी फुटकी असली तर विषारी वायू आत येतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेला माणूस उठत नाही.

तसेच गुणही नुसत्या गारव्यापुरते नाहीत. हे यंत्र हवा थंड करताना तिच्यातले पाणी काढून टाकते. गाडीखाली ठिबकते ते हेच. आपल्या तालुक्यातून जाणारा कल्याण–विशाखापट्टण महामार्ग पश्चिमेला माळशेज घाट उतरतो. श्रावणात त्या घाटात काचेवर आतून वाफ धरते, आणि चालक एका हाताने चाक व दुसऱ्या हाताने फडके धरतो. कोरडी हवा सोडली की ती वाफ निघून जाते आणि दोन्ही हात चाकावर राहतात. कागद फुगू नये म्हणून निघालेली युक्ती शंभर वर्षांनी घाटातल्या माणसाच्या अशी कामी आली.

आता खरा प्रश्न. यंत्र बसले; ते चालणार कोणाच्या डिझेलवर? यंत्राला इंजिनाची ताकद लागते आणि ताकदीला तेल लागते. पुष्कळ ठिकाणी चालकाला फेरीमागे ठरावीक तेल वा ठरावीक रक्कम देतात. वाचले ते त्याचे, कमी पडले तेही त्याचेच. अशा व्यवहारात थंड हवेचे बटण चालकाच्या मुलांच्या वह्या-पुस्तकांना जोडलेले असते. तो ते बंद ठेवील, ओला पंचा मानेवर टाकील, आणि मग मालक म्हणेल की यंत्र दिले होते, ह्यानेच वापरले नाही. कायद्याने यंत्र दिले तरी ते वापरण्याची ऐपत कायद्याने येत नाही. ती संघटनेने मिळवावी लागते.

दुसरे, १ ऑक्टोबर २०२५ च्या अगोदरच्या गाड्यांना हा नियम लागू नाही, आणि त्या पुढेही वर्षानुवर्षे धावणार आहेत. तिसरे, आपल्या तालुक्यातली किती पोरे ट्रॅक्टरवर आहेत? दोन-दोन ट्रॉल्या ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरला केबिनच नाही, तर केबिनमधली हवा कोठून असणार?

आणि चौथे, सर्वांत महत्त्वाचे. गारवा म्हणजे विश्रांती नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली. त्यांच्या प्रयत्नांनी १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. गिरणीतल्या हवेची तक्रार त्या काळीही होतीच. तरी त्यांनी पहिल्याने मागितली ती वेळ. हा क्रम आपण विसरू नये. चौदा तास जागलेल्या माणसाला थंड हवेत बसवले तर तो जागा राहत नाही. तो आरामात झोपतो. ज्या मालकाला वाटेल की आता केबिन थंड झाली, तेव्हा आणखी चार तास चालवून घेऊ, त्याच्या हाती हे यंत्र सुरक्षिततेचे न राहता शोषणाचे होईल.

तेव्हा आमचे मागणे थोडक्यात असे आहे. थंड हवेचे तेल फेरीच्या हिशेबातून वेगळे धरावे. जुन्या गाड्यांच्या टपाला आतून अस्तर आणि इंजिनाला झाकण, एवढे तरी मालकांनी आजच करावे. त्याला फार पैसा लागत नाही. ट्रॅक्टरवर निदान सावली असावी. कारखान्याच्या काट्यावर आणि महामार्गावर पिण्याचे पाणी, संडास आणि पडावयास झाड किंवा छप्पर असावे. आणि अपघाताच्या पंचनाम्यात दोन ओळी वाढवाव्यात: चालक किती तासांपासून गाडीवर होता, आणि त्या वेळी तापमान किती होते. ह्या दोन ओळींनी कोणी गुन्हेगार सुटणार नाही. पण ज्याचा गुन्हा नव्हता त्याच्यावर तो लिहिला जाणार नाही.

आमचे उस्ताद आता नाहीत. त्यांच्या हयातीत आम्ही त्यांची क्षमा मागितली तेव्हा ते म्हणाले, “तू सही केली नसती तर दुसऱ्यानं केली असती.” ते खरेच होते. म्हणूनच कागद बदलला पाहिजे. सही करणारा बदलून भागणार नाही. ह्या सभेत शिकलेली मुले पुष्कळ आहेत. त्यांतले कोणी पोलिसांत जाईल, कोणी वकील होईल, कोणी गाड्यांचा मालकही होईल. त्यांनी आपल्यापुढे आलेला कागद वाचताना त्या दिवशी ऊन किती होते, एवढे एकदा विचारावे.